तिसऱ्या मजल्याचा जलदोष

बेंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या आमच्या सोसायटीच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये त्या रविवारी मुंगीला शिरायला जागा नव्हती. एरवी कार्यक्रमाच्या पहिल्या तीन रांगा भरल्या तरी आम्ही धन्य होतो. त्या दिवशी चपलांचा ढीग पार लिफ्टपर्यंत गेला होता. परदेशातल्या साहेबाला "आधी पुरावा दाखवा" म्हणून ठणकावणारी माणसं हात जोडून बसली होती, आणि समोर चौरंगावर योगीराज महाराज डोळे मिटून, मान किंचित तिरपी करून, आमच्या पूर्वजांचं ऐकत होते.

'कुलदर्शन' असं त्या प्रकाराचं नाव. दारात आपला मोबाइल नंबर सांगायचा, टोकन घ्यायचं, आणि पुकारा झाला की महाराजांपुढे जाऊन गप्प बसायचं. आपण काही बोलायचं नाही. महाराजच सांगत, तुमचं गाव कुठलं, कुलदैवत कोणतं, घरातलं कोण गेलं आणि कशानं गेलं.

"बाळांनो, मला काही कळत नाही," महाराज अधूनमधून म्हणत. "मी नुसता टेलिफोन! पलीकडून पितर बोलतात, अलीकडे मी सांगतो. फक्त रेंज श्रद्धेची लागते."

हॉल कौतुकानं हसे. मी मागे भिंतीला टेकून वेगळं हसत होतो. मी प्राणेश, वर्ध्याचा. सॉफ्टवेअर तपासण्याची नोकरी करतो, म्हणजे लोकांच्या चुका काढण्याचाच पगार घेतो. गणेशोत्सवात दरवर्षी अंधश्रद्धेवर भाषण देतो आणि भाषणानंतर स्वतःवर खूश होऊन घरी जातो.

कल्पनाताईंचा नंबर पुकारला गेला. महाराजांनी डोळे घट्ट मिटले. "पाणी... चहूकडे पाणी. दोन हजार पाच. कृष्णामाई कोपली... धाकटा भाऊ!"

कल्पनाताई सांगलीच्या. त्यांचा धाकटा भाऊ खरंच त्या पुरात गेला होता. त्या जागेवरच कोसळल्या आणि अख्ख्या हॉलच्या डोळ्यांत पाणी आलं.

पुढचा आमचा दत्ता. "पाणी," महाराज म्हणाले. "दोन हजार पाच. धाकटा भाऊ."

दत्ता आईबापांना एकुलता एक. मी मोठ्यानं हसलो. वाटलं, फुटला फुगा. पण दत्ता विचारात पडून परतला आणि संध्याकाळी त्यानं साताऱ्याला आईला फोन लावला. "आई, मला भाऊ होता का गं? तुम्ही लपवलंत का?" ती माउली रडायला लागली. दत्तानं मला सांगितलं, "रडली, म्हणजे काहीतरी आहे." सत्तरीच्या बाईला लेकरानं असं विचारलं तर ती काय हसेल?

तिसरा नंबर अंबूबाईंचा होता.

अंबूबाई निपाणीच्या. कपड्याच्या कारखान्यात शिलाईची देखरेख करून निवृत्त झालेल्या, आता घरी ब्लाउज शिवतात. शनिवारी मी मंडळात नवशिक्यांना प्रोग्रॅम लिहायला शिकवतो, त्या वर्गात सगळ्यांत वयस्क त्याच. एकशे चाळीस गिऱ्हाइकांची मापं व्हॉट्सअॅपच्या निरोपांत विखुरलेली होती. "छत्तीस, बाही नऊ, गळा स्वल्प खोल," असले निरोप. त्यातून मापं वेचून ओळीनं मांडणारा दहा ओळींचा प्रोग्रॅम त्यांनी स्वतः लिहिला. तो चालला त्या दिवशी सगळ्या वर्गाला चिरोटे खाऊ घातले.

त्यांचा धाकटा भाऊ, त्यांचा 'तम्मा', एकोणिसाव्या वर्षी बापाशी भांडून घरातून गेला. बेंगळुरूच्या गाडीत बसताना कुणीतरी पाहिला, एवढाच धागा. त्याला तेवीस वर्षं झाली. नवऱ्याची बदली इकडे झाली तेव्हा अंबूबाई एकट्याच खूश होत्या. आजही बसमध्ये चढल्या की आधी सगळ्यांचे चेहरे बघून घेतात, मग तिकीट काढतात.

महाराज त्यांनाही म्हणाले, "पाणी. दोन हजार पाच. धाकटा भाऊ." आणि पुढे, "तहानलेला आहे तो. पुढच्या रविवारी इथेच पितृमुक्ती करा."

अंबूबाई रडल्या नाहीत. "नक्की नव्हं?" एवढंच विचारलं. महाराजांनी हात वर केला. माझं हसू तिथल्या तिथे विरलं.

एकाच पुरात तिघांचे धाकटे भाऊ! शहाण्या माणसाला शंका यायला हवी होती. सोसायटीला आली नाही, उलट उत्तर सापडलं. तिघंही तिसऱ्या मजल्यावर राहतात ना, म्हणजे तिसऱ्या मजल्यालाच जलदोष आहे! दत्तानं मत्स्यपेटी शेजाऱ्याला देऊन टाकली. एकानं नळ गळतो म्हणून प्लंबरच्या आधी महाराजांच्या शिष्याला फोन केला. चमत्कार चुकला की भक्त तो स्वतःच दुरुस्त करून घेतात, महाराजांना कष्ट पडत नाहीत.

बुधवारी संध्याकाळी सुखदा आली. हीही माझ्या वर्गातली, हेब्बाळच्या एका कंपनीत नोकरभरतीचं काम करते. खुर्चीत टेकायच्या आत तिनं लॅपटॉप उघडला.

"सर, तीन भाऊ एकाच वर्षी. मला चैन पडेना, म्हणून आपल्या क्लासची फाइल काढली. मंडळाच्या कुटुंब-परिचयाची."

दोन महिन्यांपूर्वी हा आमच्या वर्गाचा अभ्यास होता. मंडळाची कागदी वही मजल्यामजल्यावर फिरली होती. नाव, फोन, मूळ गाव, कुलदैवत, आणि शेवटी 'कुणाच्या स्मरणार्थ'. आपल्या लोकांची सवय अशी, की वरच्याचं आणि आपलं गाव एकच असलं तर पुन्हा लिहायचं नाही, खाली दोन टिंबं मारायची. वही टाइप करणाऱ्यांनी ती टिंबं सोडून दिली आणि गावांचे रकाने रिकामे राहिले. मी वर्गाला ऐटीत सांगितलं, "रिकामा रकाना दिसला की वरचा मजकूर खाली ओढायचा. प्रोग्रॅमची एक ओळ पुरते!" आणि ती ओळ सगळ्यांना लिहून दिली.

सुखदानं त्याच ओळीवर बोट ठेवलं. "सर, हे फक्त गावाच्या रकान्यापुरतं करायला हवं होतं ना? इथे रकान्याचं नावच नाही."

नव्हतं. संगणकानं सांगितलेलं इमानानं केलं होतं. प्रत्येक रकान्यातली प्रत्येक रिकामी जागा वरच्या मजकुरानं भरली होती. वहीत कल्पनाताईंच्या खाली दत्ता, त्याच्या खाली अंबूबाई. कल्पनाताईंचा गेलेला भाऊ एकेक पायरी उतरत दोन घरांत शिरला होता, आणि पुढच्या घरानं आपल्या आजीचं नाव लिहिलं होतं म्हणून तिथे थांबला होता.

ही यादी महाराजांकडे गेली कशी, तेही मला विचारावं लागलं नाही. मंडळाचे सचिव मल्हारराव म्हणाले होते, "प्रसादाचा अंदाज घ्यायचाय, डोकी किती ते कळव." मी डोकी मोजायचा कंटाळा केला आणि पूर्ण यादीच पाठवून दिली. त्यांनी आमंत्रणांसाठी ती शिष्यांना दिली. लोकांनी विश्वासानं लिहिलेली सुखदुःखं आम्ही दोघांनी मिळून परस्पर वाटून टाकली होती.

आणि मला आणखी एक आठवलं, ते आठवलं नसतं तर बरं झालं असतं. वही भरताना अंबूबाईंनी विचारलं होतं, "मास्तर, बेपत्ता माणसाचं काय लिवायचं?" मी म्हणालो होतो, "काहीच नको. रिकामं सोडा."

"अंबूबाईंना आत्ताच जाऊन सांगू या," सुखदा उठलीच.

"थांब," मी म्हणालो. "पुरावा हवा. रविवारी सर्वांसमोर पकडू."

ऐकायला हे किती शास्त्रीय वाटतं! खरं सांगतो, मी घाबरलो होतो. महाराज उघडे पडावेत आणि माझी ओळ झाकलेली राहावी, असं काही जमतं का ते मला बघायचं होतं. चार दिवस मी तेच बघत बसलो. जिन्यात अंबूबाई दिसल्या तर मी मोबाइलमध्ये डोकं घातलं.

रविवारी सापळा लावला. सुखदानं दारात स्वतःच्या नंबराऐवजी माझा नंबर सांगितला आणि महाराजांपुढे जाऊन बसली.

"वर्ध्याकडचे तुम्ही," महाराज सुरू झाले. "माहूरची रेणुका कुलदैवत. वडील... दोन हजार सोळा... हृदयानं घात केला!" वहीत मी माझ्या घरचं नेमकं हेच लिहिलं होतं.

दुसऱ्या रांगेतून एक गृहस्थ उभे राहिले. "मी हिचा बाप. कालच पुण्याहून आलोय. हृदय ठणठणीत आहे आणि आमचं दैवत जेजुरीचं."

हॉल खो खो हसला. मला वाटलं, जिंकलो. इतक्यात शिष्य ओरडला, "सभेत कुणीतरी अश्रद्ध बसला आहे! लहरी मिसळल्या!" आणि माना माझ्याकडे वळल्या. "असणारच. प्राणेश आलाय ना," कुणीतरी म्हणालं. हसू थांबलं आणि महाराजांची चूकच त्यांच्या शक्तीचा पुरावा झाली. महाराजांनी पुन्हा डोळे मिटले.

पुढे पाटावर अंबूबाई बसल्या होत्या. समोर भाताचा पिंड, तांब्या, काळे तीळ. शिष्यानं सांगितलं, "भावाचं नाव घेऊन पाणी सोडा." त्यांनी ओंजळ पुढे केली.

आता गप्प राहिलो असतो तर महाराजांत आणि माझ्यात काही फरक उरला नसता.

"अंबूबाई, थांबा!" मी पुढे धावलो. "हे मला जमतं. मीपण सांगतो. कुणीही आपला मोबाइल नंबर सांगा."

एकानं चेष्टेनं सांगितला. सुखदानं यादीत शोधला, माझ्या कानात सांगितलं, मी मान तिरपी केली. "अमरावती. अंबादेवी. सासरे, मागच्या वर्षी." तो माणूस मटकन खाली बसला. मी दुसरा नंबर घेतला. तिसरा घेतला. चौथा कुणी देईना.

दत्ता उठला. त्याच्या डोक्यात बहुधा आईला केलेला तो फोन होता. तो सरळ चौरंगाजवळ गेला आणि महाराजांच्या डोक्यावरचा भगवा रुमाल त्यानं ओढला. कानात शेंगदाण्याएवढं यंत्र होतं. मागच्या पडद्याआड एक शिष्य टॅबलेट घेऊन बसला होता आणि हातातल्या फोनमध्ये अजून पुटपुटत होता, "पुढचा नंबर, कोल्हापूर, ज्योतिबा..."

गलका झाला. महाराज त्यातून मागच्या दारानं निघाले. पण माझं सांगून संपलं नव्हतं.

"ही यादी मी पाठवली," मी म्हणालो. "तिसऱ्या मजल्याला कसलाही दोष नाही. दोष माझ्या एका ओळीत होता." वही, टिंबं, खाली ओढलेला मजकूर, सगळं सांगितलं. कल्पनाताईंची माफी मागितली, त्यांचं दुःख मी इतरांच्या घरात ओतलं म्हणून. दत्ता भिंतीकडे तोंड करून उभा होता.

अंबूबाईंची ओंजळ अजून तशीच होती. "म्हणजे माझा तम्मा गेला न्हाई?"

"माहीत नाही, अंबूबाई. महाराजांना माहीत नव्हतं, मलाही माहीत नाही. तुम्ही जागा रिकामी सोडली होती, ती मी भरली."

त्यांनी ओंजळीतलं पाणी सावकाश तांब्यात परत ओतलं. "तुमाला कवा कळलं हे?"

"बुधवारी."

"आईला मी गुरुवारी फोन केला, मास्तर. सांगितलं, तुझा लेक गेला म्हणून." त्या ओरडल्या नाहीत, ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. "तेवीस वर्सं रेशनकार्डावरनं त्याचं नाव काढू दिलं न्हवतं तिनं. शुक्रवारी पुतण्याला म्हणाली, जा, कमी करून ये."

चुकीच्या ओळीचं मी एक वेळ समर्थन करू शकेन, ती कुणाकडूनही होते. पण बुधवार ते रविवार हे चार दिवस मी शुद्धीवर राहून, विचार करून घेतले होते.

त्यांनी फोन लावला आणि माझ्या हातात दिला. "तुम्हीच सांगा. माझ्यानं दुसऱ्यांदा न्हाई व्हायचं."

शहाऐंशी वर्षांच्या त्या आजींना मी सगळं सांगितलं, जमेल तितक्या सोप्या शब्दांत.

"मग हाय का त्यो?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही, आजी."

"एवढंच म्हणायला चार दिवस लागले व्हय रं तुला?"

मी फोन अंबूबाईंच्या हातात परत दिला.

वाचकहो, महाराज लबाड होते हे सांगायला माझी गरज नाही. पण त्यांच्या तोंडचं प्रत्येक वाक्य आमच्यापैकीच कुणीतरी पुरवलेलं होतं, आणि चुकलेलं वाक्य आम्हीच ओढूनताणून खरं केलं होतं. उद्या कुणी तुमच्या घरचं अचूक सांगितलं तर पाया पडण्याआधी विचारा, याला हे कळलं कुठून? आणि एखादी चूक तुमची स्वतःची निघाली, तर पुरावे गोळा करत बसू नका. चप्पल पायात घाला आणि त्याच दिवशी त्या माणसाच्या दारात जा.