दोनदा मीठ

माझं तोंड कसं है ते तळेघरात समद्यांना म्हाईत है. वाडीवरनं हाक मारली तर खाली फाट्याला ऐकू जाती, आन् सून रुपाली घरात आल्यापास्नं हाक तिच्याच नावाची. भाकरी जाड झाली, बोलले. शेण उशिरा काढलं, बोलले. ती बी काय गरीब गाय न्हाई. पाठ फिरवून पुटपुटायची, आन् मी म्हणायचे, मोठ्यानं बोल, मला ऐकू येऊ दे. वर्सानुवर्सं असंच चाललं व्हतं आमचं, आन् आमाला दोघींना त्यात काय वावगं वाटत नव्हतं.

मग तिच्या छातीत गाठ निघाली. पुण्याला ऑपरेशन झालं, एक बाजू काढली, आन् पुढं दर तीन आठवड्यांनी डोस घ्यायला जायचं ठरलं. गोरख, माझा पोरगा, तिला घेऊन घरी आला त्या सांजंला मला गोठ्यात बाजूला घेऊन म्हणाला, "आई, डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, तिला टेन्शन द्यायचं न्हाई." एवढं बोलून खाली बघत ऱ्हायला. माझं नाव न्हाई घेतलं त्यानं. पण घरात टेन्शन म्हंजी दुसरं व्हतं कोण.

दुसऱ्या दिवशी शेजारची ठमाबाई तांदूळ पाखडायला आली. तिच्या लेकानं मोबाइलवर वाचलेलं ती सांगत बसली. म्हणं हा आजार बसून ऱ्हायल्यानं होतो, वजन वाढल्यानं होतो, बाहेरचं खाल्ल्यानं होतो. मला हसावं का रडावं कळंना. रुपालीनं बाहेरचं खाल्लं ते घोडेगावच्या बाजारातली भजी, ती बी कवातरी. भाताचे भारे डोक्यावर घेऊन चढ चढणारी बाई ती, काटकीवानी, आन् म्हणं बसून ऱ्हायल्यानं. "आन् घरात कटकट असली का बी होतो म्हणं," ठमाबाई म्हणाली, आन् सुपाकडं न बघता माझ्याकडं बघत ऱ्हायली.

पुढच्या डोसाला मी सोबत गेले. डॉक्टरीणबाईला एकटीला गाठून इचारलं, माझ्या बोलण्यानं झालं का हे? बाई चांगली व्हती. म्हणाली, "आजी, कुणाच्या बोलण्यानं कॅन्सर झाला असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका. टेन्शनवर पुष्कळ अभ्यास झालाय, पण पक्कं काही निघालेलं नाही. मनाला लावून घेऊ नका." मी मान हालवली. पण एसटीत बसल्यावर त्यातलं 'पक्कं नाही' तेवढंच डोक्यात फिरत ऱ्हायलं. पक्कं न्हाई म्हंजी असंल बी, असं धरून मी तोंडाला कुलूप घातलं.

तिच्या हातातलं समदं काम मी काढून घेतलं. भात एकटीनं झोडला, नाचणीची कणसं खुडली, म्हशीचं बघितलं, सैपाक केला. तिला म्हणायचे, तू पड गं बाय. रातच्याला माझी कंबर मोडायची, पण कामानं एवढा शीण येत न्हाई. तोंडाशी आलेलं बोलणं गिळून गिळून मी दमले. मधनंच ती उठून चुलीपाशी बसायची. एकदा दूध उतू गेलं, पार निखारं इझलं. मी म्हणलं, असू दे. एकदा आमटी अशी खारट केली का गोरखनं वाटी सरकवली. मी समदी खाल्ली आन् म्हणलं, असू दे गं बाय.

आन् मग डोसाची सकाळ आली. गोरख पिशवी घेऊन दारात उभा, आन् ही पडवीत बसून. डोक्याला रुमाल बांधलेला, केस तर गेलेच व्हते.

"मी न्हाई येत," म्हणाली. "आता डोस बास."

गोरखनं हातापाया पडून बघितलं. ती हालंना. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "आत्या, डॉक्टरनी तुमाला काय सांगितलंय? मी जगत न्हाई, हेच ना?"

"कोण म्हणलं असं?"

"तुमी. दूध मी मुद्दाम उतू जाऊ दिलं. आमटीत दोनदा मीठ टाकलं. म्हणलं, आता तरी बोलतील. तुमी असू दे म्हणालात. माझी आजी मरायला टेकली तवा तिला बी समदी असंच म्हणायची. असू दे, असू दे. मेल्यात जमा केलीय मला, मग डोस घेऊन ओकत कशाला बसू?"

 आन् मग जे गिळलं व्हतं ते समदं वर आलं.

"भवाने," मी म्हणलं, "त्याला आमटी म्हणतात? रातभर पाणी पीत बसले मी. आन् दूध? म्हशीखाली काय तुझा बाप बसतो? मेल्यात जमा म्हणं. कंबर मोडूस्तवर भात झोडला मी, तो काय तू मरावी म्हणून? पुढल्या साली तुला झोडायचाय म्हणून. चोरून काय सांगितलं ते ऐकायचंय? हिला टेन्शन देऊ नका, एवढंच सांगितलं. त्यापायी मी दातात जीभ धरून बसलेय, आन् तू इथं मरायच्या गोष्टी करती. ऊठ. ती एसटी काय तुझ्या मामाची है, थांबायला?"

ती उठली, पाठ फिरवली. मग पुटपुटली, "मीठ जास्त व्हतं तर तवाच बोलायचं की." आन् चप्पल शोधाया लागली.

मी बी निघाले. गोरख पुढं, आमी दोघी मागं. उतार लांब, तिला दम लागत व्हता, मला बी. मी बोलतच व्हते, पण मधल्या आंब्यापाशी माझा दम सरला आन् मी गप झाले. तर ती बी थांबली.

"आत्या," म्हणाली, "भाकरीचं ऱ्हायलं."

मग मी भाकरीचं काढलं. बोलताना भ्या वाटत व्हतं मला, आजून बी वाटतं, कारण पक्कं तर कुणीच सांगत न्हाई. पण मी बोलत गेले आन् ती चालत गेली, फाट्यापतुर.