सायकलवाल्या बाईंचा बोर्ड

"हाच!" सायकलवाल्या बाईंनी ग्रीसने माखलेलं बोट तिसऱ्या कागदावर टेकवलं. "ठरलं. दुकानावर हाच बोर्ड लावायचा."

ताईने घाईघाईने पहिला कागद पुढे सरकवला. कारण तो तिसरा कागद म्हणजे 'नकटी' होती.

आता नकटी म्हणजे कोण, हे सांगायला हवं. ताई ज्या छापखान्यात डिझाइनचं काम करायची, तिथला हा जुना रिवाज. गिऱ्हाइकापुढे नेहमी तीन नमुने ठेवायचे, दोन चांगले आणि एक मुद्दाम बिघडवलेला. पाच तऱ्हांची अक्षरं, डोळ्यांत घुसणारे रंग, वर प्रत्येक अक्षराला सावली. असलं ध्यान शेजारी असलं की बाकीचे दोन आपोआप देखणे दिसतात. त्या बिचाऱ्या तिसरीला छापखान्यात सगळे नकटी म्हणायचे. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात. पण इथे पाहिल्या पाहिल्या तिलाच होकार आला होता!

"बाई, हा पहिला नमुना पुन्हा एकदा बघता का?" ताई चाचरत म्हणाली.

"बघितला की. छान आहे. दवाखान्याचा वाटतो."

"आणि दुसरा?"

"तो बँकेचा." बाईंनी नकटी उचलून उजेडात धरली. त्यातल्या सायकलला टपोरे डोळे होते आणि कानापर्यंत फाकलेलं हसू. "ही बघा, कशी हसतेय मेली!"

दुपारच्या सुट्टीत ताई धावतपळत इथे आली होती. स्वतःच्या नावावर घेतलेलं, गिऱ्हाइकाला समोरासमोर भेटून करायचं हे तिचं पहिलंच काम. आणि नेमक्या त्याच दिवशी संध्याकाळी तिला छापखान्याच्या मालकांना उत्तर द्यायचं होतं. देव परीक्षा घेतो तेव्हा सगळे पेपर एकाच दिवशी ठेवतो.

मालक सकाळी म्हणाले होते, "ताई, नवं मशीन घ्यायचं म्हणतोय. पण तू राहणार असशील तर. तू नसलीस तर त्या मशीनचं काय लोणचं घालू?"

"बघते, मालक."

"बघू नको, सांग. आज हो आणि चार महिन्यांनी रामराम, असं नको. संध्याकाळपर्यंत काय ते एक बोल."

ताईच्या मनात वर्षभर घोळत होतं, की नोकरी सोडावी आणि घरूनच, आपल्या नावाने काम करावं. खिडकीजवळ टेबल मांडून झालं होतं. जुना का होईना, संगणक आला होता. ओळखीपाळखीतून फोनवर चार कामं झाली होती. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणायचा, "तू म्हणशील तसं." हे वाक्य ऐकायला गोड, कामाला शून्य.

सासूबाई मात्र मोकळ्या होत्या. "पगार म्हणजे नळाचं पाणी," त्या म्हणाल्या होत्या. "तोटी फिरवली की येतं. तुझं हे म्हणजे आड. उपसावं लागणार. पण आडात असलं की पोहऱ्यात येतंच. देवाला हात जोड आणि जरा वाकून बघ."

"आणि वाकता वाकता आत पडले तर?"

"मग दोर धरायला मी आहे ना! गुडघे गेलेत माझे, हात शाबूत आहेत."

ताईला धास्ती कामाची नव्हती, माणसांची होती. छापखान्यात गिऱ्हाईक काउंटरवर मालकांशी बोलायचं आणि ताई पार्टिशनच्या मागे बसून चित्रं करायची. मालक आत डोकावून सांगायचे, "लाल वाढव," किंवा "पास झालं." का वाढवायचं, कोणाला आवडलं, हे तिने कधी विचारलं नाही. आपलं डिझाइन बघताना माणसाचा चेहरा कसा होतो, हे तिला ठाऊकच नव्हतं. आता एकदम सगळ्यांशी आपणच बोलायचं?

आणि पहिल्याच खेपेला ही पंचाईत. गप्प बसावं, नकटीचा बोर्ड करून द्यावा, मोकळं व्हावं? पण मग तो बोर्ड भर चौकात वर्षानुवर्षं लटकणार, आणि ताई रोज त्याच रस्त्याने जाणार.

"बाई," ती म्हणाली, "खरं सांगू? हा नमुना वाईट आहे."

"कोण म्हणतं?"

"मीच. मी मुद्दाम वाईट केलाय. बाकीचे दोन उठून दिसावेत म्हणून."

बाई थांबल्या. शेजारी उलट्या ठेवलेल्या सायकलचं फिरतं चाक त्यांनी बोटाने रोखलं.

"म्हणजे, मी पंक्चर काढल्यावर शेजारी एक फुटकी ट्यूब ठेवायची? ही बघा साहेब, हिच्यापेक्षा तुमची बरी?"

ताईने मान खाली घातली. "चुकलंच माझं."

"चुकलं तर चुकलं. चहा घेणार?" बाई मनापासून हसल्या. "अहो, घाबरता काय! मी काय खाते का तुम्हाला?"

त्या हसण्याने ताईला धीर आला आणि आयुष्यात पहिल्यांदा तिने गिऱ्हाइकाला विचारलं, "पण बाई, ह्यात तुम्हाला आवडलं तरी काय?"

"हसू," बाई ताबडतोब म्हणाल्या. "माझ्या दारात माणूस येतो तोच वैतागून. सायकल ढकलत आलेला, घामाघूम, कुठेतरी उशीर झालेला. बोर्ड बघून त्याला वाटलं पाहिजे, सुटलो बाबा! तुमच्या त्या दवाखान्याकडे बघून वाटेल का तसं?"

नाही वाटणार. ताईला ते लख्ख पटलं. तिने पिशवीतून पेन्सिल काढली, पहिला नमुना उलटा केला आणि दुकानातल्या स्टुलावरच काढायला बसली. दोन चाकं, आणि मधे चेनची खाली झुललेली रेघ. झालं हसू.

"अगं बाई, पुसा ते!" बाई ओरडल्या. "एवढी सैल चेन? लोक म्हणतील, हिला चेनसुद्धा बसवता येत नाही!"

दोघी पोट धरून हसल्या. ताईने खोडलं. मग समोर टांगलेल्या एका सायकलकडे तिचं लक्ष गेलं. तिने नुसतं हँडल काढलं, समोरून दिसतं तसं, दोन्ही टोकं वर वळलेली. एका ओढीत. डोळे नाहीत, सावल्या नाहीत. खाली एकाच वळणाच्या अक्षरांत दुकानाचं नाव.

तिने कागद पुढे केला आणि बाईंच्या तोंडाकडे बघत राहिली.

आधी कपाळावरची आठी गेली. मग डोळे बारीक झाले. मग हळूच, त्या हँडलसारखीच, ओठांची दोन्ही टोकं वर गेली.

बास. ताईचा निर्णय तिथे झाला. हा चेहरा आजवर दुसऱ्यालाच बघायला मिळत होता की!

संध्याकाळी ती मालकांपुढे उभी राहिली. सांगायचं ते एका दमात सांगितलं, नाहीतर राहिलं असतं.

मालक बराच वेळ समोरच्या कागदांचा गठ्ठा सारखा करत राहिले. तो आधीच सारखा होता.

"म्हणजे मशीन रद्द," शेवटी ते म्हणाले.

"नका ना रद्द करू. माझी सगळी छपाई इथेच करून घेणार आहे मी."

"म्हणजे तू माझं गिऱ्हाईक होणार?"

"हो. आणि घासाघीसही करणार."

"शाबास! माझ्याच हाताखाली शिकलीस आणि माझ्यावरच उलटलीस." ते हसले, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. "महिनाभर तरी आहेस?"

"आहे, मालक."

"बरं."

ते उठले, पार्टिशनच्या मागे तिच्या संगणकापाशी आले. ताईने लगबगीने आपली खुर्ची त्यांच्यासाठी रिकामी केली. त्यांनी मानेनेच नको म्हटलं. कोपऱ्यातला शाईचा रिकामा डबा पायाने सरकवून ते तिच्या शेजारी, तिच्याहून वीतभर खाली बसले. सदऱ्याच्या टोकाने चष्मा पुसला, नीट डोळ्यांवर चढवला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"हं," ते म्हणाले. "पहिल्यांदा काय दाबायचं?"