दाब, धर, सोड

गाडीच्या ब्रेकचे कॅलिपर लाल रंगवायचे, हे खूळ माझ्या डोक्यात शिरलं ते मुलाच्या फोनमुळे. "आई, गाडी विकून टाक आता. तुला जायचंय कुठे?" असं म्हणाला. चुकीचं काही बोलला नव्हता, म्हणूनच जास्त झोंबलं. फोन ठेवला आणि शेडमध्ये गाडीसमोर जाऊन उभी राहिले. ड्रायव्हिंग स्कूल चालवायचे तेव्हा माझ्या सगळ्या गाड्या पांढऱ्या, डोक्यावर पाटी आणि दारांना शिकाऊंनी काढलेले पोचे. स्कूल बंद करून घेतलेली हीसुद्धा सवयीने पांढरीच. म्हटलं, निदान एक गोष्ट तरी भडक असू दे.

कॅलिपर म्हणजे ब्रेक दाबला की चाकामागच्या तबकडीला चिमट्यात धरतो तो लोखंडी ठोकळा. माझ्या गाडीला पुढच्या दोन चाकांनाच आहे. उष्णता सोसणारा रंग दुकानात मिळतो, कसा लावायचा ते व्हिडिओत दाखवतात, आणि वेळ तर माझ्याकडे रग्गड.

उजवं चाक झकास झालं. गाडी जॅकवर चढवली, खाली स्टँड लावला, चाक काढलं, तारेच्या ब्रशने गंज खरवडला. तबकडीला आणि रबरी नळीला कागद-टेप गुंडाळून रंगाचे पातळ हात दिले. वाळेपर्यंत स्टुलावर बसून राहिले. बघा तरी, असं म्हणावंसं वाटलं. बघायला कोणी नव्हतं.

भिंतीपलीकडे धाकटी होती, म्हणजे माझी धाकटी जाऊ. दोघा भावांनी हौसेने एकाला एक लागून घरं बांधली, मध्ये एक भिंत आणि पुढे दोघांत मिळून ही शेड. दोन्ही घरांतलं बोलणंही तेच दोघं करायचे. आधी माझे गेले, मग तिचे, आणि आम्हा दोघींचं बोलणं त्यांच्याबरोबरच गेलं. भांडण नाही, तंटा नाही. भांडण असतं तर बरं झालं असतं, निदान मिटवायला तरी कोणी आलं असतं. आता ती शिंकली तर मला ऐकू येतं, मी भांडं आपटलं तर तिला. समोर आलोच तर नव्या भाडेकरूंसारख्या माना हलवतो. मला फार एकटं वाटतं. हे मी कोणाला सांगत नाही.

डाव्या चाकाला नडला तो माझा शहाणपणा. नळीच्या मागे ब्रश पोचेना, म्हणून मी नळीच सोडवली. ब्रेक ऑइल घळाघळा ओघळलं. नळीचं तोंड बांधून रंग पुरा केला, दुसऱ्या दिवशी सगळं परत जोडलं, बॉनेटखालच्या डबीत नवं ऑइल ओतलं आणि आत बसून ब्रेक दाबला. पेडल थेट तळाला टेकलं. नळीत हवा शिरली होती. जन्मभर शिकाऊंना ब्रेकवरून झापलं, आणि आता माझ्याच गाडीला ब्रेक नाही.

ही हवा काढायला दोन माणसं लागतात. एकाने आत बसून पेडल दाबून धरायचं. दुसऱ्याने चाकापाशी बसून कॅलिपरवरचा छोटा स्क्रू सैल करायचा, ऑइलबरोबर बुडबुडे बाहेर आले की आवळायचा, आणि मगच आतल्याने पाय सोडायचा. आधी सोडला तर हवा पुन्हा आत. व्हिडिओतला माणूस हसत हसत सांगतो, घरातल्या कोणालाही बसवा. मेल्याला काय जातंय सांगायला.

मग मी झाडूचा दांडा सीट आणि पेडलमध्ये अडकवला आणि चाकापाशी धावले. स्क्रू सैल केला, पेडल खाली गेलं, दांडा निसटला, हवा सुर्र करून आत. पुन्हा अडकवला, पुन्हा तेच. शेवटी मेकॅनिकला बोलवावं म्हणून फोन हातात घेतला, तेवढ्यात भिंतीपलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

तिच्या दारापर्यंतची चार पावलं जड गेली. ती नाही म्हणाली असती, तर उद्यापासून मान हलवायचीही चोरी झाली असती. तरी कडी वाजवली.

"मला जरा ब्रेक दाबायला माणूस हवंय," मी म्हणाले. कशी आहेस नाही, बरी आहेस ना नाही, सरळ ब्रेक.

तिने माझ्या लाल बोटांकडे पाहिलं. "चालवायची नाही ना? मला येत नाही, ताई."

"चालवायची नाही. नुसतं दाबायचं."

"चप्पल घालते," ती म्हणाली.

तिला सीटवर बसवलं, मी चाकापाशी बसकण मारली. स्क्रूला पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीत सोडलं.

"दाब."

"दाबला."

"धर."

"धरलाय."

"आता सोड."

"सोडला."

वर्षभरात आम्ही एवढं बोललो नव्हतो. बुडबुडे आधी भसाभसा आले, मग अडखळत, मग एखाददुसरा, मग येईनासे झाले. बाटलीत नुसतं स्वच्छ ऑइल उतरायला लागलं. काम झालं होतं.

"दाब," मी म्हणाले.

"दाबला."

डबीत ऑइल कमी झालं की उठून ओतायचं आणि परत येऊन बसायचं. ती एकदाही किती वेळ म्हणाली नाही. मला तिचा फक्त पाय दिसत होता, घरातली झिजकी चप्पल घातलेला. शेवटी ऑइलचा डबाच रिकामा झाला, तेव्हा नाइलाजाने म्हणाले, "झालं."

ती गुडघा चोळत उतरली. चाकापाशी वाकून बघितलं. "लाल छान दिसतोय," म्हणाली. मग घराकडे वळता वळता थांबली.

"पेडल केव्हाचं घट्ट लागत होतं, ताई. सांगणार होते तुम्हाला. मग नाही सांगितलं."

मी उगाच पान्हा पुसत राहिले. उजव्या चाकाची नळी मी उघडलीच नव्हती, तिथे हवा असायचं काही कारणच नव्हतं.

"उजवं राहिलंय," मी म्हणाले. "ऑइल आणून ठेवते. उद्या येशील?"

"त्यातपण हवा आहे?"

"खूप आहे," मी म्हणाले.