तीसच्या पुढचा पाढा

दुष्काळात माझं तिसरीचं वर्ष बुडालं. आई-बाप खडी फोडायला जायचे आणि धाकटा भाऊ माझ्या कडेवर. त्याच सालात माझ्या वर्गानं अकरापासून तीसपर्यंतचे पाढे पाठ करून टाकले. गुरुजींनी पटावरून माझं नाव काढलं नव्हतं, म्हणून चौथीत तरी बसायला मिळालं.

आणि चौथीत नरहर गुरुजींनी फर्मान काढलं, "ज्याला तीसपर्यंत पाढे येतात तोच स्कॉलरशिपला बसेल. सोमवारी एकेकाला विचारीन."

हातात आठ दिवस आणि पाढे वीस. माझं डोकं काही गोणी नव्हतं, की कोंबलं आणि तोंड शिवलं. पण हसनाबादेत आमच्या वस्तीतलं एकही पोर त्या परीक्षेला बसलं नव्हतं, आणि मला बसायचंच होतं. शनिवारपर्यंत चौदाला पोचले. पुढे सोळा आणि अठरा एकमेकांत असे घुसले, की मी पाटी आपटली.

रविवारी आईबरोबर खुरपायला गेले. मला धरून सतरा बाया, प्रत्येकीला आठ-आठ ओळींची पात. दहा बाया बांधाच्या अलीकडे, सात पलीकडे. दुपारी मालक जगन्नाथराव बांधावर येऊन ओरडले, "कौसल्या, किती ओळी धरल्यात गं?"

"एकशे छत्तीस!" आई खुरपं न थांबवता म्हणाली.

मी बघतच राहिले. शाळेचा उंबरा न चढलेली ही बाई, हिला सतराचा पाढा?

"आई, तुला सतरा अठ्ठे येतंय?"

"मला कुठलं! अलीकडच्या दहा बायांच्या ऐंशी, पलीकडच्या सातजणींच्या छप्पन. मिळून झाल्या की. यात काय येड्यावानी बघून राह्यलीस?"

मला आईचा राग आला. आठ दिवस मी घरात रडतेय आणि ही गप्प! मग मी त्याच पातीत बसून मातीत आकडे लिहायला लागले. सतरा म्हणजे दहा आणि सात, तेवीस म्हणजे वीस आणि तीन. फोडायचं, गुणायचं, मिळवायचं. सात अठ्ठे अडलं तर आठ सत्ते म्हणायचं, उत्तर तेच. दहापर्यंतचे पाढे मला येत होते. तेवढ्यात सगळं भागत होतं! त्या दिवशी माझी पात सगळ्यांत मागे राहिली आणि झुंबरबाई मुकादमिणीच्या शिव्या मी आनंदानं खाल्ल्या.

सोमवारी माझ्या वर्गातल्या भुजंगनं एकोणतीसचा पाढा एका दमात म्हटला. मग माझी पाळी.

"सतरा अठ्ठे?"

माझे ओठ हलले. "एकशे छत्तीस."

"पाढा म्हण सबंध."

"पाढा न्हाई येत, गुरुजी. फोडून काढलं." कसं ते मी सांगितलं.

वर्ग हसला. गुरुजी नाही हसले, पण नावांची वही मिटली. "पाठ नाही म्हणजे येत नाही. बस खाली."

बसले असते तर संपलंच होतं. मी उभीच राहिले. "तीसच्या पुढचं विचारा, गुरुजी. मला बी अन् भुजंगला बी."

गुरुजींच्या कपाळाला आठी पडली. "सदतीस सक?"

भुजंग म्हणाला, "तिथवर आपलं झालंच न्हाई, गुरुजी."

तीस सक एकशे ऐंशी. सात सक बेचाळीस. "दोनशे बावीस," मी म्हणाले.

गुरुजी खडू घेऊन फळ्याकडे वळले. सदतीसचा पाढा त्यांनाही येत नव्हता, येतो कुणाला? त्यांनी गुणाकार मांडला आणि उत्तराकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "पण पेपरात वेळ कमी असतो. पाढे पाठ कर, मग नाव लिहितो."

"पाठ करते, गुरुजी. नाव आज लिहा."

गुरुजींनी वही उघडली. माझ्या 'सत्यशीला' नावातलं शेवटचं अक्षर पुरं होईपर्यंत मी जागची हलले नाही.