बाल्कनीतली बारा नंबरची खुर्ची

मित्रांनो, खुर्ची म्हटली की तुमच्या डोळ्यांसमोर चार पाय येतात. माझ्याकडे एकही धड नाही. मी थिएटरातली खुर्ची, आणि आता चांगलीच म्हातारी. थिएटरातली खुर्ची एकटी उभी राहू शकत नाही. एका बाजूची लोखंडी पट्टी तिची स्वतःची, दुसऱ्या बाजूची शेजारणीबरोबर वाटून घेतलेली, आणि खाली जमिनीत पक्के बोल्ट. कुणी बसलं की मी उघडते, उठलं की आपोआप मिटते. मिटून किती काळ काढला ते विचाराल तर मात्र गोष्ट लांबेल. असू दे, लांबली तरी सांगतेच.

माझा जन्म बेंगळूरजवळच्या होसकोट्याच्या एका पत्र्याच्या शेडमधला. लाल रेक्झिन, आत काथ्या, हाताला सागवान. म्हणजे सागवान असं सांगितलं होतं. खरं काय ते त्या सुतारालाच ठाऊक. तिथून लॉरीत घालून मला शहरातल्या मल्लेश्वरमच्या एका थिएटरात आणलं आणि बाल्कनीत ‘जे’ अक्षराच्या रांगेत बसवलं. माझा नंबर बारा. अकरा नंबर माझी शेजारीण, आमच्या दोघींत हात एकच.

तुम्हाला वाटेल, वा, हिनं किती पिक्चर बघितले असतील! कुठलं काय! माझ्यासमोर कायम पुढच्या रांगेची पाठ आणि माझ्यावर कुणाचं तरी वजन. पिक्चर मला कळायचे ते लोकांच्या मतांवरून. इंटर्वल झाला की अख्खी बाल्कनी बोलायची. कुणी म्हणायचं, हिरो बरा आहे पण नाचताना पाठीत उसण भरल्यासारखा दिसतो. कुणी म्हणायचं, गोष्ट चांगली होती, गाण्यांनी वाट लावली. एक काकू तर दर पिक्चरला एकच मत द्यायच्या, "मुलीच्या बापानं आधीच हो म्हणायला हवं होतं." आणि खरं सांगू, दहातल्या आठ पिक्चरांना ते लागू पडायचं.

पण माझं खरं माणूस म्हणजे हेमलताबाई. दर शनिवारी मॅटिनीला त्या बाराव्या नंबरवर आणि त्यांचे यजमान श्रीहरीराव अकराव्यावर. श्रीहरीराव टपाल खात्यात. दोघांची घराणी पिढ्यान्‌पिढ्या बेंगळूरची. मराठी बोलायची, पण त्यात कन्नड इतकं मिसळलेलं की पुण्याहून आलेला पाहुणा नुसता मान डोलवायचा. हेमलताबाईंचं तोंड पिक्चर चालू असतानाही बंद नसायचं. "अय्यो, हा तर खोटं बोलतोय, बघा हो!" मागचे लोक शुक्‌ शुक्‌ करायचे आणि श्रीहरीराव गालातल्या गालात हसायचे. ते स्वतः काही बोलायचे नाहीत. घरी जाताना कुणी भेटलं आणि कसा होता विचारलं, की बायकोकडे बोट दाखवायचे.

बाईंनी पिक्चरांचे तीन वर्ग केले होते. पहिला, काम टाकून बघायचा. दुसरा, इस्त्री करता करता बघायचा. तिसरा, ज्यात इस्त्रीच जास्त बरी. भल्याभल्या हिरोंना त्यांनी त्या तिसऱ्या वर्गात ढकललं होतं.

मग ते थिएटर बंद पडलं. खुर्च्या भंगारात निघाल्या. आता आपलं काही खरं नाही असं म्हणून मी जीव मुठीत धरून बसले होते, तर समोर श्रीहरीराव! त्यांनी त्या पंचवीस रांगांतून बरोबर आम्हा दोघींना शोधून काढलं, वेल्डरकडून खाली लोखंडी पाट लावून घेतला आणि आठव्या क्रॉसवरच्या, म्हणजे आठव्या आडगल्लीतल्या, आपल्या घरात, हॉलमध्ये, टीव्हीसमोर मांडलं. हेमलताबाईंनी कपाळाला हात लावला. "लोक सोफा आणतात, तुम्ही हे धूड आणलंत." आणि लगेच बाराव्या नंबरवर बसून बघितलं. ते दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले. शनिवारी दुपारी पिक्चर, मधे कॉफी, कॉफीबरोबर बाईंची मतं. मुलगी निवेदिता सुट्टीला असली की खाली सतरंजीवर पाय पसरून भांडायची, "आई, तुला काही कळत नाही, तो सिम्बॉलिक होता!" बाई म्हणायच्या, "असेल गं. कंटाळवाणा पण होता."

अडीच वर्षांपूर्वी हेमलताबाई गेल्या. फार दुखणं नव्हतं. आठ दिवसांत सगळं आटोपलं.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी श्रीहरीरावांनी एक जुनी चादर आणली आणि आम्हा दोघींवर घातली. धूळ बसू नये म्हणून असेल असं मला वाटलं. पण पुढचा शनिवार गेला, त्याच्या पुढचा गेला, चादर तशीच. टीव्हीही बंद. मला फार फार एकटं वाटायला लागलं. शेजारीण होती, पण ती बोलून बोलून काय बोलणार? तिच्यावर कायम श्रीहरीराव बसलेले, तिला मतं द्यायची सवयच नव्हती.

निवेदिता इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी करते, तिथेच फ्लॅट भाड्यानं घेऊन राहते. गाव एकच, पण तिथून इथे येणं म्हणजे अर्धा दिवस मोडतो. ती दर रविवारी संध्याकाळी सातला फोन करायची. श्रीहरीराव खिडकीशी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून तो स्पीकरवर घ्यायचे, म्हणून मलाही ऐकू यायचं. पहिल्या दोन-तीन फोनांत नुसती शांतता. जेवलात का? जेवलो. गोळी घेतली? घेतली. मग दोघंही गप्प. बाई होत्या तेव्हा त्याच बोलायच्या, हे दोघं ऐकायचे; आता बोलणार कोण? शेवटी एकदा निवेदितानं विचारलं, "अण्णा, काही पिक्चर बघितलात का?"

श्रीहरीराव म्हणाले, "हो. तो नाही का, पोलिसाचा. बरा आहे."

मित्रांनो, मी चादरीखाली थक्क झाले. टीव्ही बंद, मी मिटलेली, शेजारीण मिटलेली, आणि हे गृहस्थ म्हणे पिक्चर बघितला! पण त्या एका वाक्यानं निवेदिताचा आवाज एकदम खुलला. ती म्हणाली, मी पण बघितला, आणि पंधरा मिनिटं बापलेक बोलत राहिले.

तेव्हापासून ते ठरूनच गेलं. रविवारी दुपारी श्रीहरीराव मोबाईल डोळ्यांजवळ धरून लोकांनी लिहिलेली मतं मोठ्यानं वाचायचे, शाळेतल्या पोरासारखी पाठ करायचे. संध्याकाळी सातला ती म्हणून दाखवायचे. "निवी, भूत चांगलं होतं, माणसांनीच घाण केली." "आईचं काम करणारी बाई झकास. मुलगा नुसता गॉगल घालून फिरतो." "छायाचित्रण नेत्रसुखद आहे." आता सांगा, या माणसानं जन्मात कधी नेत्रसुखद हा शब्द उच्चारला असेल का? मला हसूही यायचं आणि रडूही. निवेदिताची आणि त्यांची मतं मात्र अगदी तंतोतंत जुळायची. ती म्हणायची, "करेक्ट अण्णा, सेकंड हाफ लांबला." हे म्हणायचे, "हो, स्वल्प लांबलाच." आईशी कचाकचा भांडणारी मुलगी बापाशी कशी इतकी एकमतानं बोलते, याचं मला नवल वाटायचं.

खोटं का बोलत होते? मी त्यांना ओळखते. एक तर, काही बघवत नाही म्हटलं असतं तर पोरीनं उचलून त्यांना इलेक्ट्रॉनिक सिटीत नेलं असतं, अकराव्या मजल्यावर. आणि दुसरं जास्त खरं. पिक्चर काढून घेतला तर त्या फोनमध्ये उरत काय होतं? जेवलात का, जेवलो. तो फोन तुटला तर आठवड्यात त्यांच्याशी बोलणारं घरचं कुणी नव्हतं.

पाच-सहा महिन्यांपूर्वी मात्र फजिती झाली. तुम्हाला ठाऊक असेल नसेल, बेंगळुरात मराठी पिक्चर आला तर त्याला कुठल्यातरी मॉलमध्ये रविवारी सकाळचा एक शो मिळतो. तिकिटं खपली नाहीत तर तोही रद्द. असा एक पिक्चर आला आणि निवेदितानं परस्पर मोबाईलवरून श्रीहरीरावांचं तिकीट काढलं. "अण्णा, मराठी आहे, जाऊनच या. मला रिपोर्ट पाहिजे."

रविवारी ते सकाळी सातला उठले. पांढरा शर्ट काढला, इस्त्री केली, भांग पाडला. मी मनात म्हटलं, चला, निदान आज हा माणूस जातोय. दारापर्यंत गेले. कुलूप हातात घेऊन पाच मिनिटं तसेच उभे राहिले. मग कुलूप जागेवर ठेवलं आणि प्लॅस्टिकच्या खुर्चीत येऊन बसले, तसेच, इस्त्रीच्या शर्टात.

आणि तो शो रद्द झाला होता. हे मला नंतर कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगते. सगळी मिळून पाच तिकिटं गेली होती. रद्द झाल्याचा मेसेज गेला निवेदिताच्या मोबाईलवर. ती आठवड्याची झोप काढत होती, तिनं तो दुपारी एकला बघितला. अण्णा बिचारे बस धरून गेले असतील, परत फिरले असतील, म्हणून तिनं घाईघाईनं फोन लावला.

सातचा फोन एकला वाजला. श्रीहरीराव गडबडले. अजून काही वाचलेलं नव्हतं, पाठ केलेलं नव्हतं. ती काही बोलायच्या आतच म्हणाले, "आत्ताच आलो गं. छान होता. अगदी घरचा पिक्चर वाटला. सेकंड हाफ तेवढा स्वल्प लांबला."



"निवी? ऐकतेस ना?"

"हो अण्णा." तिचा आवाज बदलला होता. "गर्दी होती?"

"बऱ्यापैकी. आपले बरेच लोक आले होते."

"सरी अण्णा, ठीक आहे. जेवून घ्या. ठेवते."

त्या संध्याकाळी सातला फोन आला नाही. श्रीहरीराव आठपर्यंत मोबाईल हातात धरून बसले होते. सोमवार ते शुक्रवार घरात भांड्यांखेरीज कशाचा आवाज झाला नाही. मला वाटलं, झालं, तुटला फोन. हा माणूस आता कुणाशी बोलणार?

शनिवारी दुपारी बेल वाजली. दारात निवेदिता, पाठीला पिशवी, दोन मेट्रो बदलून आलेली. आली ती सरळ हॉलमध्ये आणि आमच्यावरची चादर बघून थांबली.

"हे कधीपासून, अण्णा?"

श्रीहरीरावांनी चादरीचं कललेलं टोक सरळ केलं.

"तो शो रद्द झाला होता. मला मेसेज आला होता."

ते खिडकीशी बसले. म्हातारा माणूस चोरी पकडली गेल्यासारखा दिसू नये, फार वाईट दिसतं. म्हणाले, "तिचं तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. एकही नाही बघितला. लावला की दहाव्या मिनिटाला वाटतं, ही का बोलत नाही?"

"मग मला खोटं का सांगितलंत? दोन वर्षं?"

"तू विचारायचीस ना. नाही म्हटलं तर तू फोन कशाला लांबवशील?"

निवेदिता रागावेल असं मला वाटलं. रागावलीच होती, नाकपुड्या फुगल्या होत्या अगदी आईसारख्या. पण ती मटकन सतरंजीवर बसली आणि तोंडावर हात घेऊन म्हणाली, "अण्णा, मी पण वाचूनच सांगते."

"काय?"

"घरी आले की लावते. पंधरा मिनिटांत डोळा लागतो. एकटीला बघवत नाही. रविवारी सहा वाजता बसून लोकांची मतं वाचते, तुम्हाला सांगायला काहीतरी हवं म्हणून. आपण दोघं एकच वेबसाइट वाचत होतो बहुतेक."

अय्यो, मित्रांनो! म्हणजे दोन वर्षं, दर रविवारी, शहराच्या दोन टोकांना दोन माणसं न बघितलेल्या पिक्चरांवर परक्या माणसांची मतं एकमेकांना ऐकवत होती, आणि एकमेकांचं पटतंय म्हणून खूश होत होती. आधी श्रीहरीराव हसले. हसता हसता त्यांना ठसका लागला आणि मग ते रडायलाच लागले. निवेदिता उठून जवळ गेली नाही. तिथेच बसून तीही रडली. बाई गेल्या तेव्हासुद्धा ही दोघं एकत्र रडली नव्हती, पाहुण्यांचं चहापाणी करत होती.

मग तिनं चादर ओढून काढली. दोन वर्षांची धूळ उडाली, ती शिंकली. अकराव्या नंबरवर बसली आणि माझ्यावर हात मारून म्हणाली, "या."

"तिथे नको गं. ती तिची आहे."

"म्हणूनच म्हणते."

श्रीहरीराव आले. माझी बिजागरी इतकी गंजली होती की मी कुरकुरले, लाज वाटली मला. पण उघडले. त्यांचं वजन बाईंपेक्षा कमी भरलं. पिक्चर कुठला होता ते मला ठाऊक नाही. कुणीही मत दिलं नाही. निवेदिताला विसाव्या मिनिटाला झोप लागली, डोकं कलंडून बापाच्या खांद्यावर गेलं, आणि तिला जाग येऊ नये म्हणून श्रीहरीराव शेवटची पाटी येईपर्यंत हलले नाहीत.

सगळं छान झालं असं मी सांगणार नाही. निवेदिताला दर शनिवारी जमत नाही, महिन्यातून एकदा येते. उरलेले शनिवार मी मिटलेलीच असते, आणि ते शनिवार फार लांब असतात. पण चादर गेली. आणि रविवारच्या फोनवर श्रीहरीराव आता सांगतात, "आज काही बघितलं नाही गं. आज नुसता बसून होतो." मग तो फोन पूर्वीपेक्षा जास्त चालतो.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू शेवटी स्वतःसाठी काहीतरी मागतात. मला तेल नको, नवं रेक्झिनही नको. तुमच्या ओळखीतलं कुणी एकटं माणूस काल पिक्चर बघितला, बरा होता, असं म्हणालं, तर नुसतं 'हो का' म्हणून सोडून देऊ नका. शेजारी कोण बसलं होतं, तेवढं विचारा. उत्तर यायला वेळ लागला, तर पुढचं फोनवर विचारू नका. जाऊन त्याच्या शेजारी बसा.