परसातला हिरवा पहारा

हेमंतातली सकाळ. वेंगुर्ल्याच्या माडांवर केशरकांती ऊन उतरत होतं. धुकं झाडांच्या कमरेला विळखा घालून अजून रेंगाळत होतं, आणि परसातल्या पानापानावर दवाचे रजतबिंदू थरथरत होते.

त्या परसात दत्ताराम पारुळेकर अनवाणी उभे होते. सारी उमर टपालखात्यात गेलेली; गावातलं प्रत्येक दार त्यांना ठाऊक. आपल्याच घराचं मागचं दार मात्र त्यांनी क्वचितच ओलांडलं होतं. परस त्यांच्या पत्नीचं, सुलोचनेचं होतं.

आणि सुलोचना आत, खिडकीपाशी, अंथरुणावर होती. आश्विनातला ताप औषधांनी उतरला. उतरताना तोंडाची चव घेऊन गेला. आता अन्नानं आणि विश्रांतीनंच ताकद भरून येईल, असं डॉक्टर सांगून गेले होते. पण घास ओठांशी येई आणि परत फिरे. कृष्णपक्षातल्या चंद्रकलेसारखी ती क्षीण होत चालली होती. आणि दत्तारामांच्या छातीत एक निःशब्द भय वस्तीला आलं होतं.

आज ती म्हणाली होती, गवती चहा घालून घोटभर चहा मिळेल का. महिन्याभरात तिनं आपणहून मागितलेलं हे पहिलंच काही.

त्यांनी लांब, हिरवी पाती खुडून नेली. तिनं ती बोटांत चुरगाळली, नाकाशी धरली, आणि कितीतरी दिवसांनी तिच्या ओठांवर हसू उमटलं.

"हा वाळा आहे हो. याचा गंध मुळांत असतो. गवती चहा विहिरीच्या कडेला. पाती चुरगाळून बघा, चुकणार नाही."

ते विहिरीपाशी गेले. पाती चुरगाळली, आणि तो लिंबगंधी दरवळ उठताच त्यांच्या चाळीस वर्षांच्या साऱ्या सकाळी एकदम जाग्या झाल्या.

मग ते पानापानाशी थांबले. खिडकीतून ती नाव सांगत होती, ते वाकून गंध घेत होते. तुळस: थंडीतला कढत काढा. ओव्याचं जाड, लवदार पान: श्रावणसंध्येची भजी. पुदिना, ओली हळद, आल्याचा कोवळा कोंब. हरेक गंध ओळखीचा, हरेक झाड अनोळखी. ज्या हिरव्यानं आपला देह रोज कणाकणानं राखला, त्याच्यापुढे ते आज प्रथमच उभे होते. आणि देवळाच्या गाभाऱ्यात हात जुळावेत तसे त्यांचे हात नकळत जुळले.

"हे सगळं तू रोज घालत होतीस?" खिडकीशी येऊन त्यांनी विचारलं.

"रोज. थोडं थोडं. आजारी पडलं की औषध आहेच. ही पानं धडधाकट असताना खायची. अंगात बळ एका दिवसात नाही येत."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"रिकामा कप दिसायचा ना मला," ती म्हणाली. "तेवढं पुरे होतं."

दत्ताराम स्वयंपाकघरात गेले. त्यांनी चूल पेटवली. पहिला चहा उतू गेला. दुसरा तिनं घोट घोट घेतला. दुपारच्या पेजेत त्यांनी आलं किसलं, वर कोथिंबीर चिरून टाकली. जाडीभरडी चिरली होती. तिनं अर्धी वाटी संपवली.

चमत्कार झाला नाही. मार्गशीर्ष सरला, पौष लागला. अर्ध्या वाटीची हळूहळू एक झाली, पेजेचा भात झाला. आणि दत्तारामांच्या नखांत मातीची काळी रेघ कायमची बसली.

मग एका सकाळी अंथरूण रिकामं दिसलं. ते मागच्या दारी धावले.

सुलोचना पुदिन्याच्या वाफ्यात उभी होती. पदर खोचलेला, कळशी रिती झालेली, श्वास किंचित चढलेला. तिनं मागे वळून पाहिलं नाही. ती एकेक पाऊल टाकत पुढे, तुळशीकडे निघाली. नुकत्याच शिंपलेल्या काळ्या मातीत तिच्या पावलांचे ठसे उमटत गेले, पाण्यानं भरत गेले. आणि त्या इवल्या इवल्या तळ्यांत, एकामागून एक, सूर्य उगवत गेला.