चरबी आणि खारट चहा

मी एक जुनी रायफल आहे, मित्रांनो. नारीनच्या डोंगरातल्या एका मेंढपाळाच्या घरात भिंतीवर टांगलेली असते. पण टांगलेली असले तरी स्वस्थ नसते. कुत्रा गुरगुरला की माझा जीव कासावीस होतो.

माझा जन्म लढाईसाठी, घाईघाईत झाला. त्यामुळे माझा बोल्ट, म्हणजे गोळी आत ढकलणारी मागची दांडी, पहिल्यापासून हट्टी. ती उचलताना माझा मालक तुरुसबेक दातओठ खात असे. एक गोळी सुटली की दुसरी भरेपर्यंत नेम हलायचा, आणि लांडगा काही आमच्यासाठी थांबत नसे. मागच्या हिवाळ्यात अशीच एक घोडी गेली. उरली ती एकच, आणि ती गाभण होती.

मग तुरुसबेकने मला उस्ता ओस्मोनकडे नेले. उस्ता म्हणजे कारागीर. त्याने बोल्ट हाताशी खेळवला आणि तोंड वाकडे केले.

"ही रायफल आहे की गंजलेलं फाटक?"

त्याने बारीक रेतीचे मलम लावून माझी घासणारी कड अन् कड आठवडाभर घोटली, दांडी थोडी लांब केली. नंतर बोल्ट एका बोटाच्या जोरानेही सरकू लागला. तुरुसबेक तो पुन्हा पुन्हा ओढून बघत होता. मला फार आनंद झाला.

"थंडीत हिला कोरडीच ठेव," उस्ताने बजावले. "तेलाचा थेंबही नको."

घरी सुयून अपा, म्हणजे तुरुसबेकची आई, वाटच बघत होती. नव्या वस्तूला मेंढीच्या शेपटीची चरबी लावून आशीर्वाद द्यायची त्यांची रीत आहे. तिने पातळ केलेली चरबी माझ्या बोल्टवर सढळ हाताने ओतली.

"अपा, उस्ता नको म्हणालाय."

"उस्ताला लोखंड कळतं. नवी वस्तू घरात आली आणि तिचं तोंड कोरडं ठेवायचं होय रे?"

चरबी माझ्या पोटात, स्प्रिंगपर्यंत उतरली. मला ओरडावेसे वाटत होते, पण मला बोलता कुठे येते?

दोन दिवसांनी पहाट कडाक्याच्या थंडीची उगवली. अंगणातच लांडगे घोडीवर आले. तुरुसबेकने धावत जाऊन चाप ओढला. आत नुसते 'टुक' झाले. चरबी गोठली होती. त्याने बोल्ट उपसायला घेतला, तो हलेना. लांडग्याचे दात घोडीच्या मांडीत रुतले.

तेवढ्यात अपा किटली घेऊन धावली.

"रायफल धर पुढे."

"अपा, चहा आहे तो."

"उकळता आहे. धर म्हणते ना."

तिने आमच्याकडचा मीठ घातलेला दुधाचा चहा माझ्यावर ओतला. मी चटकन सुटले. बोल्ट वितळल्या लोण्यासारखा मागे गेला, दुसरी गोळी भरली आणि सुटली. लांडगे पांगले. घोडी लंगडते, पण शिंगरू झाले आहे.

मिठाने चढलेल्या गंजाचा तांबूस डाग मात्र माझ्या अंगावर राहिला. उस्ता तो घासून काढणार होता. अपाने त्याचा हात धरला.

"राहू दे. पुढच्या वेळी चरबी ओतायला आले, तर हा मला दिसला पाहिजे."

मित्रांनो, जिला जीव लावता तिला काय मानवते, ते आधी विचारून घ्या. आम्हाला सांगता येत नाही. कुत्रा पुन्हा गुरगुरतो आहे. मी कोरडी आहे.